पावतीत फाडलेलं तिकीट

जून-जुलै उजाडला की आष्ट्यातल्या कॉलेजांच्या ऑफिसांपुढे रांगा लागतात. सांगली–पेठ रस्त्यावरचं हे गाव. एका अंगाला सांगली, दुसऱ्या अंगाला अलीकडे ईश्वरपूर झालेलं इस्लामपूर. बागणी, कारंदवाडी, मर्दवाडी, दुधगावकडची पोरंपोरी एसटीनं नाहीतर कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून येतात. खिडकीतून पैसे आत जातात, पावती बाहेर येते. पावतीवर एकाखाली एक बाबी असतात : शिक्षण शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, अनामत, वैद्यकीय तपासणी, ओळखपत्र. त्यांच्यातच कुठेतरी ‘जिमखाना’ असतो. त्याच्या आगेमागे विद्यापीठाचं क्रीडा शुल्क आणि काही पावत्यांवर ‘अश्वमेध’ हा शब्दही. अश्वमेध म्हणजे राज्यातल्या विद्यापीठांचा आपापसातला क्रीडा महोत्सव. पण तो शब्द वाचायला थांबतो कोण? शेवटचा आकडा बघायचा, पावतीच्या चार घड्या करायच्या आणि वर्ग शोधायला लागायचं.

पुढे पावसाळा ओसरता ओसरता शिवाजी विद्यापीठाच्या स्पर्धा सुरू होतात. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे या विद्यापीठाच्या कक्षेत येतात. आधी विभागीय सामने, मग आंतरविभागीय. आज या कॉलेजात कबड्डी, उद्या त्या कॉलेजात खो-खो. अशा एखाद्या कबड्डीच्या सामन्याला जाऊन उभं राहावं. मैदान आखलेलं असतं, पंचांच्या टेबलावर गुणपत्रक आणि शिट्टी असते, जिमखान्याचे सर घामाघूम होऊन पाण्याचे जार मोजत असतात. एखादा पोरगा अशी काही चढाई करतो की तीन जणांच्या मिठीतून सुटून मध्यरेषेला बोट टेकवतो. टाळ्या वाजवतं कोण? दोन्ही संघांचे राखीव खेळाडू, त्यांच्या बॅगा सांभाळणारे दोस्त आणि तास बुडवून कंपाउंडच्या भिंतीवर बसलेली पाच-दहा टाळकी. शेजारच्या इमारतीत त्याच वेळी घटक चाचणी चालू असते. त्या इमारतीतल्या प्रत्येकानं या सामन्याचे पैसे भरलेले आहेत. तिकीट फाडलेलं आहे. ज्याच्या नावानं फाडलं, त्याला कळवायचं तेवढं राहिलं आहे.

कॉलेजच्या खेळांचं तिकीट विद्यार्थ्यांना किती दरानं द्यावं, हा वाद अमेरिकेत वर्षानुवर्षं चालतो. आपल्याकडे तो ऐकून हसू येईल, कारण आपल्या कॉलेजच्या मैदानाला ना दरवाजा असतो ना तिकीट-खिडकी. पण पैसे विद्यार्थी इथंही देतोच. फरक इतकाच की तिथं दारात दिलेल्या पैशाबरोबर हक्क येतो. जागा मिळाली नाही, सामना रद्द झाला, दर वाढला, तर तिकीटवाला भांडायला उठतो. इथं पैसे पावतीत विरघळतात आणि हक्कही त्यांच्याबरोबर विरघळतो. तेव्हा आष्ट्यासारख्या ठिकाणी खरा मुद्दा दर ठरवण्याचा नाहीच. ठरलेल्या आणि वसूल झालेल्या दराच्या बदल्यात काय द्यायचं, हा आहे.

विद्यार्थी तिकिटावरून भांडायला उठला की काय होतं, ते मिशिगन विद्यापीठानं पाहिलं आहे. या विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमात एक लाख सात हजारांहून जास्त माणसं बसतात. विद्यार्थी उशिरा येतात, पुढची बाकं रिकामी दिसतात, म्हणून २०१३ साली त्यांच्या ठरलेल्या जागा काढून घेण्यात आल्या. जो आधी येईल तो पुढे बसेल, असा नियम झाला. २०१४ च्या हंगामात विद्यार्थ्याचं हंगामी तिकीट २८० डॉलरचं होतं आणि ते घेणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या हजारोंनी घसरली. त्या वर्षी संघही रडत-खडत खेळत होता. पाच सामने जिंकले, सात हरले. त्यातच कोकच्या दोन बाटल्यांवर सामन्याची दोन तिकिटं अशी एक योजना निघाली. ज्यांनी शेकडो डॉलर मोजले होते त्यांच्या जखमेवर ते मीठच होतं. विद्यार्थी क्रीडा संचालक डेव्ह ब्रँडन यांच्या राजीनाम्याची मागणी करत विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या घरासमोर जमले. ३१ ऑक्टोबर २०१४ ला ब्रँडन पायउतार झाले आणि पुढच्या हंगामात तिकीट १७५ डॉलरवर आलं. नुसत्या दरानं हे घडलं असं म्हणता येणार नाही, हरणाऱ्या संघाचाही त्यात वाटा होता. पण विद्यार्थी भांडू शकले, कारण आपण किती मोजले हे त्यांना ठाऊक होतं.

अमेरिकेत आपल्यासारखी पावतीही आहे, आणि चांगली जाडजूड आहे. तिथली कित्येक विद्यापीठं खेळांचा खर्च सक्तीच्या शुल्कातून भागवतात. खेळाकडे ढुंकूनही न बघणारा विद्यार्थी हे पैसे भरतो आणि बहुतेकदा त्याला ते माहीत नसतं. व्हर्जिनिया राज्यात हा बोजा इतका वाढला की २०१५ मध्ये तिथल्या विधिमंडळानं कायदा करून अशा पैशांवर खेळ किती चालवायचे याला मर्यादा घातली. आता तर २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देता येतो, वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. टेनेसी विद्यापीठानं त्यासाठी आधीच हंगामी तिकिटांवर दहा टक्के ‘टॅलेंट फी’ लावली. एवढ्या अवाढव्य कारभाराशी आष्ट्याची तुलना कशाला, असं कुणी म्हणेल. तुलना पैशांची नाहीच. पावतीतली बाब उघड झाली तरच तिच्यावर बोलता येतं, एवढा धडा व्हर्जिनियातून इथंवर आणायला हरकत नाही.

महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ठराविक उत्पन्नमर्यादेतल्या आणि प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क माफ झालं. निर्णय चांगलाच आहे. पण माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे. जिमखाना ही बाब त्यात बसत नाही. म्हणजे अभियांत्रिकीची एखादी मुलगी बाकी जवळजवळ सगळं माफ होऊन कॉलेजात आली, तरी खेळाच्या नावाची रक्कम तिला भरावी लागू शकते. आणि सामना बघायला कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन बसणं तिला जमणारं नसतं. मुलांच्या अंतिम सामन्याला निदान भिंत तरी भरते. मुलींच्या खो-खोला मुलींनी बसून बघावं अशी जागाच बहुतेक ठिकाणी केलेली नसते. शुल्क सारखं आणि खेळ बघण्याची सोय मात्र निम्म्यांनाच.

या भागाला खेळ बघायची हौस नाही, असं तर कुणी म्हणू शकणार नाही. आष्ट्याच्या जवळ कवठेपिरान आहे, हिंदकेसरी मारुती माने यांचं गाव. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक आणलं. पलूस तालुक्यातल्या कुंडलच्या कुस्ती मैदानाला लोटणारी गर्दी ज्यानं पाहिली आहे त्याला प्रेक्षक म्हणजे काय हे शिकवायला नको. गावोगावच्या यात्रांतली मैदानं बहुतेक विनातिकीट असतात. तिथं तिकीट नसतं, पण फुकटही काही नसतं. वर्गणी निघते, कुणी शंभर देतो, कुणी एक लाखाची जोड लावतो, आणि कर्ण्यावरून नाव पुकारलं जातं : अमक्याकडून पाचशे रुपये इनाम. यात्रा संपली की कमिटीचा जमाखर्च गावापुढे येतो. लाल मातीच्या कडेला उकिडवा बसलेला म्हातारा स्वतःच्या शंभर रुपयांच्या हिशोबावर मैदानातच दम देऊ शकतो, ‘निकाली कुस्ती करा, बरोबरीत सोडवू नका’ असं ओरडू शकतो. वर्गणी दिलेली असली की आवाजही चढतो.

कोल्हापुरात खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलं. मध्ये खोलगट हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे शेवटच्या ओळीतल्या माणसालाही कुस्ती दिसते. बघणाऱ्याची सोय हा खेळाचाच भाग आहे, हे शंभर वर्षांपूर्वी इथं कळलेलं होतं. त्याच शहरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांच्या फुटबॉलला लोक खिशातले पैसे काढून जातात. तिथं खेळणारी आणि ओरडणारी पोरं त्याच वयाची आहेत जी सकाळी कॉलेजात मागच्या बाकावर पेंगत असतात.

कॉलेज, खेळ आणि गेटवरचा पैसा यांची सगळ्यात मोठी गोष्ट तर सातारा जिल्ह्याचीच आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायचं तर पैसे नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजचे खर्डेकर पुढे आले आणि त्यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ही हकिगत सगळ्यांना पाठ असते. तिच्यापुढचा भाग कमी सांगितला जातो. खाशाबांनी परत येऊन कुस्त्यांची मैदानं मारली आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. खेळाडू घडवायला शिक्षकानं घर टाकलं आणि ते सोडवायला मैदानावरचा पैसा कामी आला. त्या मैदानांना आलेल्या माणसाला आपण कुणासाठी आलो आहोत, हे पुरतं ठाऊक होतं.

आता मुख्य आक्षेप. पुष्कळ जण म्हणतात, फुकटाला किंमत नसते. दहा रुपयांचं का होईना तिकीट लावा, म्हणजे पोरं गांभीर्यानं येतील. पुरावा म्हणून पुण्याकडे बोट दाखवता येईल. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून भरत नाट्य मंदिरात होते. कॉलेजच्या पोरांच्या एकांकिका, तरी तिकिटं काढून लोक बघतात, अंतिम फेरीला तिकीट मिळवायला धडपड होते आणि ‘आव्वाज कुणाचा’नं छप्पर हादरतं. मग कॉलेजच्या कबड्डीला तिकीट का नको?

कारण पुरुषोत्तमला प्रेक्षक तिकिटामुळे आले नाहीत. प्रेक्षक होते म्हणून तिकीट चाललं. तिथं नाट्यगृह ठरलेलं, ऋतू ठरलेला, निकालाची हुरहूर ठरलेली. आपल्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचं वेळापत्रक बहुतेकदा जिमखान्याच्या सरांच्या मोबाइलमध्ये असतं आणि सामना उद्या आहे हे खेळणाऱ्या पोरांनाच आज कळतं. तारीख-वेळ न छापता लग्नपत्रिका वाटायच्या आणि वऱ्हाड आलं नाही म्हणून रुसायचं, असा हा प्रकार. फुकटाला किंमत नसते हेही खरं नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात बास्केटबॉलच्या सामन्याला विद्यार्थ्यांना प्रवेश मोफत आहे, तरी मोठ्या सामन्यासाठी ते कडाक्याच्या थंडीत आठवडेच्या आठवडे स्टेडियमबाहेर तंबू ठोकून राहतात. ही प्रथा १९८६ पासून आहे. तिकडे तंबू आणि इकडे कुंडलचं मैदान. किंमत लोकांनी मोजली आहे, फक्त ती वेळेची आणि पायपिटीची आहे.

आणि दारात दहा रुपये घेणं म्हणजे एकाच सामन्याचे दोनदा पैसे घेणं. जिमखान्याची बाब वसूल केल्यावर विद्यार्थ्याचा गेटवरचा रास्त दर शून्यच. हा हिशोब आणखी एक पाऊल पुढे जातो. विद्यापीठाचं क्रीडा शुल्क कराडच्या मुलानंही भरलेलं असतं आणि गडहिंग्लजच्या मुलीनंही. तेव्हा शिवाजी विद्यापीठाच्या कुठल्याही कॉलेजचं ओळखपत्र तिन्ही जिल्ह्यांतल्या कुठल्याही आंतरमहाविद्यालयीन सामन्याला प्रवेशपत्र मानलं गेलं पाहिजे. आज पाहुण्या कॉलेजची पोरं गेटवर आली की वॉचमन आधी विचारतो, ‘कुणाकडं आलाय?’

बाहेरच्या प्रौढ प्रेक्षकाकडून अंतिम सामन्याला दहा-वीस रुपये घ्यायला मात्र काही अडचण नाही. खेळाच्या सामन्याला माणशी पाचशे रुपयांपर्यंतच्या प्रवेशावर जीएसटी माफ आहे. कबड्डी बघायला हौसेनं पैसे देणारा माणूस याच तालुक्यात आहे. वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीत चढाया करू लागला, तेव्हा गावोगाव टीव्हीपुढे माणसं खिळून बसली होती.

दर कमी केला की काम झालं, असं मानण्यात दुसरी फसगत आहे. २०२५ च्या महिला विश्वचषकाची तिकिटं भारतात शंभर रुपयांपासून होती. २०२३ च्या पहिल्या महिला प्रीमियर लीगला मुंबईत महिलांना प्रवेशच मोफत होता. प्रेक्षक घडवण्यासाठी दर पाडणं हे शहाणपणाचं धोरण होतं आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या अंतिम सामन्याला नवी मुंबईचं स्टेडियम भरलेलं दिसलं. पण उपकर्णधार स्मृती मानधना सांगलीची असून तिच्याच जिल्ह्यातल्या मुलीला शंभराचं तिकीट परवडतं आणि प्रवास परवडत नाही. विद्यार्थ्याला एसटीच्या मासिक पासवर दोन-तृतीयांश सवलत मिळते, बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना पास मोफत आहे, महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. या सवलतींनीच इथली कॉलेजं भरली. तरी पास घर ते कॉलेज एवढ्याच मार्गाचा असतो. आष्ट्याचा संघ आंतरविभागीय सामना खेळायला कोल्हापूरला गेला, तर त्याला ओरडून साथ देणारं कुणी जाणार कसं? संघाची गाडी जाते ती खेळाडू, राखीव आणि सर एवढ्यांचीच.

वेळेचंही तसंच. सायंकाळी चारला अंतिम सामना ठेवला की गावाकडच्या पोरांचा एक डोळा मैदानावर आणि एक डोळा पाचच्या गाडीवर. मुलींचा तर प्रश्नच मिटला. तोच सामना सकाळी अकराला ठेवून दोन तास वर्ग सोडले तर खुर्च्या न मांडताही मैदान भरेल. स्नेहसंमेलनासाठी आठवडा सुटतो, तर सामन्यासाठी दोन तास सुटायला हरकत नसावी.

प्राचार्यांची भीती वेगळी असते, आणि ती खोटी नाही. दोन कॉलेजची पोरं एकत्र आली की शेरेबाजी होते, शेरेबाजीतून हाणामारी. कोल्हापूरच्या फुटबॉलला हुल्लडबाजीमुळे पोलिसांचा बंदोबस्त लागलेला आहे. पण प्रेक्षकच नको हा त्यावरचा उपाय मान्य केला, तर स्नेहसंमेलन, गॅदरिंगची मिरवणूक, गणपती हे सगळंच बंद करावं लागेल. ज्या पोरांना वर्षभर मैदानावर पाहुणा प्रेक्षक बघायचीच सवय नाही, ती पहिल्यांदा बघताना वेडीवाकडी वागणारच. खासबागेत समोरच्या तालमीच्या पैलवानाच्या डावालाही टाळी पडते, ती दाद कुणी एका दिवसात शिकवलेली नाही.

खर्चाची तोंडओळख म्हणून एक साधा हिशोब मांडता येईल. समजा, एखाद्या कॉलेजात हजार विद्यार्थी आहेत आणि जिमखान्याचे माणशी शंभर रुपये घेतले जातात. वर्षाला लाखभर रुपये जमले. त्यात किट, प्रवास, प्रवेश फी, मॅट, औषधं हे भागवताना सरांची ओढाताण होते यात शंका नाही. त्यातलेच पाच हजार वेळापत्रकाच्या फलकावर, मैदानाच्या एका कडेला मंडपावर आणि एका जादा गाडीच्या डिझेलवर गेले, तर पंचाण्णव हजार उरतात. पण हा हिशोब नोटीस बोर्डावर लागला, तर मुलंच सांगतील की पाच कमी पडतात की जास्त होतात. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेत क्रीडा क्षेत्रातल्या विद्यार्थ्याला जागा आहे. त्याच्या हातात हा जमाखर्च दिला तर त्या जागेला काही काम तरी राहील.

विद्यापीठाच्या बाजूनं करण्यासारखं एक छोटं काम आहे. स्पर्धा संपल्यावर यजमान कॉलेज निकाल कळवतं, त्या कागदावर ‘प्रेक्षक विद्यार्थी’ असा एक रकाना वाढवावा आणि मुली किती, मुलं किती, पाहुण्या कॉलेजचे किती हे लिहायला लावावं. पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी तिथं रेघ ओढली जाईल किंवा अंदाजे आकडा टाकला जाईल. दुसऱ्या वर्षी निदान कुणीतरी उभं राहून मोजेल. आणि तिसऱ्या वर्षी यजमानपद कुणाला द्यायचं हे ठरवताना मैदानाच्या मापाबरोबर तो आकडाही बघितला गेला, तर सामन्याची तारीख आठवडाभर आधी नोटीस बोर्डावर लावायला कुणाला सांगावं लागणार नाही.